काकांची बोहनी आणि मशीनमधला मुनीम

एकाच किटलीतला चहा चार माणसं रोज प्यायला लागली की किस्से साठवायला वेगळं काही करावं लागत नाही. अडचण येते ती टाकून देताना. आमच्या कॉम्प्युटर रूमचं तेच झालंय. लग्नात पंगतीला बसलो असलो किंवा सलूनमध्ये तोंडाला फेस लावून असलो, तरी कुणीतरी म्हणतंच, "इंजिनेर, ते मुनीमाचं सांगा की!" मग मी सांगतो. माझ्या बायकोला हे सगळे किस्से तोंडपाठ आहेत. मी कुठं तिखटमीठ लावतो तेही तिला पाठ आहे, तिथं ती नुसतं खोकते.

उमरग्यात हायवेला लागून आमची ट्रान्सपोर्ट आहे. मालक म्हणजे आप्पा. रूममध्ये आम्ही तिघं: बिल्टी करणारे मुजावरभाई, दर आणि हिशेब बघणाऱ्या शिवलीला मॅडम, आणि मशीन सांभाळणारा मी. गाडीत कुणाचा माल आहे आणि तो कुठं चाललाय, याचा कागद म्हणजे बिल्टी. ती मशीनमधून निघाल्याशिवाय गाडी यार्डाबाहेर पडत नाही.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हैदराबादची एक औषध कंपनी. त्यांनी एकदा कळवलं, की तुमच्या सर्व्हरवर कोण काय उघडतं आणि काय बदलतं याची पक्की नोंद राहिली पाहिजे. आमचा माणूस तपासणीला येईल. जमलं नाही तर सर्व्हर हैदराबादला हलवू आणि तिथूनच चालवू.

म्हणजे आमची रूम बंद! मुजावरभाई आणि मॅडम यांना आप्पांनी दुसरीकडं कुठंतरी बसवलं असतं. मशीनच नाही म्हटल्यावर माझं काय काम? बायको इथल्या शाळेत शिक्षिका, मी आधी पुण्यात. आमची लेक मैत्रिणींना माझी ओळख 'शनिवारचे पप्पा' अशी करून द्यायला लागली, तेव्हा मी पुणं सोडलं. रूम बंद झाली असती तर मी पुन्हा शनिवारचा झालो असतो. मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

*

सगळ्यात आधी आप्पांना समजावून सांगणं आलं.

म्हटलं, "आप्पा, मशीनचा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. कुठल्याही प्रोग्रामला फाईल उघडायची असली तरी आधी ह्या गाभ्याला विचारावं लागतं. आपण एक प्रोग्राम पडद्यामागं बसवायचा. गाभ्यात जे जे घडेल ते तो लिहून ठेवणार. काय लिहायचं, किती लिहायचं, जागा संपली तर काय करायचं, हे आपण त्याला आधी ठरवून द्यायचं."

आप्पा सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे मुनीम."

"हो, मुनीमच समजा."

"सुट्टी?"

"घेत नाही."

"चहापाणी?"

"लागत नाही."

"पगार?"

"फुकट आहे, आप्पा."

आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मग येकच कशाला? दोन बसवा!"

*

मुनीम बसवला. आता नवीन माणसाला काम सांगताना हातचं राखून सांगावं, एवढी अक्कल मला हवी होती. पण तपासणीची धास्ती अशी बसली होती, की मी त्याला सांगून टाकलं, सगळं लिही. प्रत्येक फाईल, प्रत्येक प्रोग्राम, काही सोडू नको. शिवाय जागा संपली तर काय करायचं, या प्रश्नाला मी मोठ्या रुबाबात उत्तर दिलं होतं: 'मशीन बंद कर.' नोंद होत नसेल तर कामही होता कामा नये! पुस्तकात हे वाचायला फार छान वाटतं.

सकाळी मुनीमानं लिहायला सुरुवात केली. घड्याळानं काटा हलवला तरी लिहिलं. प्रिंटरनं कागद ओढला तरी लिहिलं. स्वतःची वही उघडली तेही लिहिलं असणार. जेवायच्या सुट्टीच्या आत डिस्क भरली, आणि दिलेल्या हुकुमाप्रमाणे त्यानं मशीन बंद केलं.

यार्डात गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर लोक खिडकीशी येऊन विचारायला लागले, काय झालं. मुजावरभाई हातानं कच्ची बिल्टी लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "कुछ नहीं मियाँ. नया मुनीम रख्या था. सुबू से लिख लिख को थक गया, अब सो गया."

आप्पा दारात येऊन उभे राहिले. रांगेकडं बघितलं, मग काळ्या स्क्रीनकडं, मग माझ्याकडं.

"इंजिनेर, मुनीम ठेवलाव का टाळं ठेवलाव?"

त्या दिवशी मी नियम कमी केले. बिल्टीच्या फाईली, दराच्या फाईली, पासवर्ड आणि मुनीमाची स्वतःची वही, एवढंच. बाकी जगात काय चाललंय ते जगानं बघून घ्यावं.

*

मधल्या काळात यार्डात भलतीच बातमी पसरली. आत एक मुनीम बसवलाय, तो दिसत नाही, पण सगळं टिपून घेतो आणि हैदराबादला वाचून दाखवतो. ही बातमी कुणी पसरवली ते मला ठाऊक नाही. मुजावरभाई तेव्हा फारच निरागस चेहरा करून फिरत होते, एवढं सांगतो.

ड्रायव्हर लोकांची भाषा रातोरात सुधारली. ज्या तोंडातून दर तिसरा शब्द शिवी यायचा, त्या तोंडातून "नमस्कार मॅडम, बिल्टी झाली का?" असं यायला लागलं. शिवलीला मॅडम पहिल्या दिवशी खुर्चीतून पडायच्या बाकी राहिल्या. "अय्यय्यो! ह्यास्नी काय झालंय?"

मी खरं सांगायला निघालो, तर आप्पांनी मला बाजूला घेतलं. "गप बसा. तपासणीत नापास झालो तरी ह्येला काढायचा न्हाय."

पण ड्रायव्हर आप्पांना पुरून उरणारे. एक दिवस एक जण आत आला, चप्पल दाराशी काढली, सर्व्हरसमोर हात जोडून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "यार्डातल्या संडासला नळ न्हाय. लिहून घे." दुसऱ्या दिवशी दुसरा आला. "आप्पा म्हणत्यात उद्या बसवू. चार उन्हाळं झालं. हेबी लिहून घे."

मग रोज कुणी ना कुणी यायचं, वाकून तक्रार सांगायचं आणि जायचं. आप्पा काचेतून बघत राहायचे. शेवटी एका सकाळी प्लंबर आला.

आप्पांना तर मी आधीच सांगितलं होतं, की मशीनला कान नाहीत! तरी नळ बसला. आजही त्या नळाला यार्डात 'मुनीमाचा नळ' म्हणतात. बायको इथं खोकते, पण नळ आहे, कुणीही येऊन बघावा.

*

मग चोर सापडला.

कुणी चुकीचा पासवर्ड टाकला की तेही मुनीम लिहितो. एक दिवस वही उघडून बघतो तर दुपारी जेवायच्या सुट्टीत कुणीतरी आत शिरायचा प्रयत्न करतंय. एकदा नाही, धडाधड! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पासवर्ड न देता नुसते धक्के मारायचे, इतका उद्धट चोर मी पुण्यातही पाहिला नव्हता.

तपासणी तोंडावर आणि परदेशातून कुणीतरी उमरग्याची बिल्टी पळवायला बसलंय! मी इंटरनेटची वायर काढून ठेवली. तरी धक्के चालूच! म्हणजे चोर घरातलाच.

त्या दुपारी मी जेवायला गेलो नाही. कपाटामागं उभा राहिलो. मुजावरभाई उठले, पंखा मोठा केला, बिल्टीचे कागद उडायला लागले म्हणून ते गोळा करून कीबोर्डावर ठेवले, आणि वर काट्याजवळचं एक किलोचं लोखंडी वजन ठेवून डबा खायला निघून गेले. स्क्रीन आपोआप लॉक होऊन पासवर्ड विचारत होती, आणि वजन बरोबर एंटरवर बसलं होतं.

मी ते वजन तसंच उचलून आप्पांपुढं नेलं. त्यांनी ते हातात तोलून बघितलं.

"येवढ्याशा चोराला भिऊन उपाशी राह्यलाव व्हय?"

*

आप्पांचा स्वभाव असा, की काही टाकायचं नाही. यार्डाच्या कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग होता. त्यातला एकही टायर कधी कुठल्या गाडीला लागलेला कुणी पाहिला नव्हता. पण विकू म्हटलं की आप्पा म्हणायचे, "कवा कामाला यील, सांगता येतंय का?"

मुनीमाची वही भरत आली की दोन वाटा असतात. एक, सगळ्यात जुनी पानं फेकून द्यायची आणि नवी लिहायची. दुसरी, काहीच फेकायचं नाही, सगळं साठवत राहायचं. मी आप्पांना विचारायला नको होतं. पण विचारलं.

"फेकायचं?" आप्पांचा चेहरा असा झाला, की जणू मी घरातली भांडी विकायला काढलीत. "मुनीमानं येवढं लिहिलंय, आन् तुमी फेकायलाव?"

"मग मोठी डिस्क घ्यावी लागेल."

"नवी? इकत?"

आता पंचाईत झाली. फेकायचं नाही आणि विकतही घ्यायचं नाही. आप्पा दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी ते टायरांच्या ढिगापाशी जाऊन एकटेच उभे राहिले. आम्ही तिघं खिडकीतून बघत होतो. मुजावरभाई हळूच म्हणाले, "रोको मत. बिदाई चालू है."

सकाळी भंगारवाला येऊन टायर घेऊन गेला आणि त्या पैशात डिस्क आली. मी ती मशीनमध्ये बसवली. आप्पा समाधानानं बघत होते. मग खाली वाकून त्यांनी डिस्कचं रिकामं खोकं उचललं, आतला थर्माकोल नीट बसवला आणि खोकं जाऊन टायरांच्या जागेवर ठेवून आले.

*

एवढं झाल्यावर मी पहिला अहवाल काढला. कोणी काय केलं, माणसागणिक. कागद बाहेर आला, आणि मी तो परत पहिल्यापासून वाचला.

सगळं काम एकाच माणसानं केलं होतं. दिगंबरकाकांनी!

दिगंबरकाका आमचे पहिले बिल्टी क्लार्क. ट्रान्सपोर्टची पहिली बिल्टी त्यांच्या हातची. ते रिटायर होऊन अणदूरला आपल्या द्राक्षबागेत राहायला गेले होते. पण मशीन आलं तेव्हा पहिलं नाव त्यांचंच टाकलेलं, आणि आप्पांचा नियम असा, की रोजची बोहनी काकांच्या नावानं व्हायची. काकांचं नाव, काकांचा पासवर्ड, पहिली बिल्टी. त्याशिवाय गाडी हलायची नाही. एकदा काकांच्या नावानं आत गेलं, की मग कोण बाहेर येतंय? मुजावरभाई, मॅडम, दिवसभर सगळे काकाच! पासवर्ड भिंतीवर कॅलेंडरखाली लिहिलेला होता.

ह्या मुनीमाची खोड अशी, की तुम्ही ज्या नावानं उंबरा ओलांडता ते नाव शेवटपर्यंत चिकटवतो. आत गेल्यावर कुणाचंही रूप घ्या, तो पहिलंच नाव लिहिणार.

शिवलीला मॅडमनी अहवाल वाचला. "काकास्नी रिटायर कशाला केलाव? बागंत बसून सगळ्यांचं काम येकटे करायलेत की!"

मी आप्पांना स्पष्ट सांगितलं. आता प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. ज्याचं नाव, त्यानंच आत जायचं. दुसऱ्याचं नाव वापरलेलं दिसलं तर तपासणीत आपण गेलो.

"आन् बोहनी?"

"बोहनी बंद, आप्पा."

आप्पा उठले आणि फोन घेऊन बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आलो, तर दाराशी एक जुनी चप्पल. आत धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी, असे खुद्द दिगंबरकाका!

"ज्याचं नाव त्यानंच यायचं म्हणालाव न्हवं?" काका म्हणाले. "आलो. पंच्याहत्तरीच्या म्होरल्यांना यष्टी फुकट हाय."

काकांचं नाव काढून टाकावं तर आप्पांचा चेहरा बघवेना. मग मी काकांचं नाव 'मानद सल्लागार' म्हणून रीतसर कागदावर घेतलं, त्यांना नवा पासवर्ड ठरवायला सांगितलं, आणि एक गोष्ट नीट बजावली. "काका, हा कुणाला सांगायचा नाही. आप्पांना नाही, मलाही नाही. टाकताना कुणी बघता कामा नये."

काकांनी मान डोलावली. खुर्चीत बसले. मागं वळून आम्हा सगळ्यांकडं बघितलं.

"तिकडं तोंड करा."

आम्ही भिंतीकडं तोंड केलं. आप्पांनी पण केलं! मागं एका बोटानं टक, टक चालू होतं. मग खंडोबाच्या नावानं "येळकोट" असं ऐकू आलं आणि प्रिंटरमधून पहिली बिल्टी बाहेर पडली. काका मशीनमधून रीतसर बाहेर पडले, चहा प्याले आणि अणदूरची एसटी पकडून गेले.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. काका यायचे, आम्ही भिंतीकडं तोंड करायचो, आणि दिवस सुरू व्हायचा.

*

तपासणीचे किस्से मी सांगतो तेव्हा बायको खोकत नाही.

तपासणीला मूर्तीसाहेब आले. माणूस हैदराबादचा, पण शिक्षण सोलापुरात झालेलं, मराठी चांगलं बोलायचे. हसायचे मात्र नाहीत. आल्या आल्या म्हणाले, "मी स्पष्ट सांगतो. एकानं दुसऱ्याचं नाव वापरलेलं दिसलं, तर मी पुढचं काही बघणार नाही. ही रूम आजच बंद."

काका बोहनी करून नुकतेच स्टँडकडं गेले होते. मूर्तीसाहेबांनी वही चाळली. नियम बघितले. मी त्यांना अभिमानानं दाखवलं, की नियमांना मी कुलूप घातलंय. आता मलासुद्धा बदलता येणार नाहीत.

"मग कधी बदलता येतात?"

"मशीन बंद करून परत चालू केलं तरच. आणि तेही मुनीम लिहून ठेवतो."

"करा चालू-बंद. बघू दे."

मी मशीन बंद केलं, परत चालू केलं. स्क्रीन उजळली आणि नाव विचारत थांबली. मी मुजावरभाईंकडं बघितलं. त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी आप्पांकडं. आप्पांनी हात मागं बांधले.

"चला, काम सुरू करा," मूर्तीसाहेब म्हणाले.

"कसं करणार, सायेब? मशीन नव्यानं उघडलंय. बोहनी व्हायची हाय."

"कसली बोहनी?"

आप्पांनी सगळं सांगितलं. मूर्तीसाहेबांचा चेहरा लाल होत गेला. "हे बघा, ह्या मुजावरभाईंचं स्वतःचं नाव आहे ना? त्या नावानं जाऊ द्या आत."

मुजावरभाई नम्रपणे म्हणाले, "साहब, मेरा नंबर बाद में है. पहले काका."

तोवर यार्डात गाड्या साठल्या. पुढच्या दोन्ही गाड्यांत मूर्तीसाहेबांच्याच कंपनीची औषधं होती, मुंबईला तातडीनं जायची. हॉर्न वाजायला लागले. मूर्तीसाहेबांनी एकदा खिडकीतून बाहेर बघितलं. आप्पा त्यांच्या जवळ गेले आणि अगदी हळू आवाजात, अगदी प्रेमानं म्हणाले, "सायेब, तुमी म्हणत असाल तर काकाच्या नावानं म्या उघडू का?"

माझ्या डोळ्यांपुढं लेक दिसत होती, शाळेचं दप्तर घेऊन दारात उभी. आप्पांनी अंदाजानं काकांचा पासवर्ड टाकला आणि तो चुकला असता तरी ते लिहिलं गेलं असतं, आणि मूर्तीसाहेब हो म्हणाले असते तरी आम्ही संपलो असतो.

मूर्तीसाहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "कुठली बस?"

साहेब आणि मी त्यांच्या गाडीतून हायवेनं नळदुर्गच्या दिशेनं सुटलो. येणेगूरच्या स्टँडवर एसटी गाठली. साहेब टायसकट बसमध्ये चढले आणि ओरडले, "दिगंबरकाका कोण?" खिडकीशी बसलेले काका उठले. त्यांनी साहेबांना खालून वर न्याहाळलं. "पिशवी धरा," म्हणाले.

परत आलो तेव्हा हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता. काका खुर्चीत बसले. मागं वळले.

"तिकडं तोंड करा."

आम्ही भिंतीकडं वळलो. साहेब तसेच उभे.

"तुमीबी."

"मी तपासणी अधिकारी आहे."

"असाल की. म्या कुटं न्हाय म्हणतोय? तिकडं तोंड करा."

मूर्तीसाहेब भिंतीकडं वळले. टक, टक, टक. येळकोट. बिल्टी बाहेर पडली आणि यार्डातून एकदम गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला.

साहेबांनी पुन्हा वही उघडली. मशीन बंद झाल्याची नोंद होती, चालू झाल्याची होती, नियम परत बसल्याची होती. मग मधला सगळा वेळ कोरा. मग काका. साहेबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"एवढ्या गाड्या अडल्या होत्या. मी इथं नव्हतो. तरी कुणी हातसुद्धा लावला नाही?"

शिवलीला मॅडमना प्रश्नच कळला नाही. "काका न्हवते की," त्या म्हणाल्या.

साहेबांनी वही मिटली आणि निघाले. निकाल नंतर कळवू, एवढंच म्हणाले. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लेकीला सायकल शिकवायला घेतली, म्हटलं जेवढं होईल तेवढं शिकवून घ्यावं.

*

एका सकाळी काका बोहनी करून चहा पीत होते, तेव्हा मूर्तीसाहेबांचा फोन आला. मी उभा राहूनच घेतला.

"पास आहात. सर्व्हर उमरग्यातच राहू द्या," ते म्हणाले. "हैदराबादला आणून इतकं कुणी सांभाळायचं नाही."

डोळे भरून आले होते, ते लपवायला मी आपणहूनच भिंतीकडं तोंड केलं. आप्पांनी लगेच पेढे मागवले.

"आणि एक छोटं काम होतं," फोनवर साहेबांचा आवाज जरा खाली आला. "ऑफिसचं नाही, घरचं. ड्रायव्हरबरोबर पाठवलंय."

तेवढ्यात गाडी दारात येऊन थांबलीच. ड्रायव्हर उतरला. त्याच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात नवा कोरा लॅपटॉप, खोकंसुद्धा न फोडलेला. साहेबांची मुलगी कॉलेजला चालली होती. पहिल्यांदा चालू करायचा तो काकांच्या हातनं, असा निरोप होता.

काकांनी चहाची कपबशी बाजूला ठेवली. नारळ फोडला. रिकामं खोकं आप्पांनी आधीच काखेत मारलं होतं. काकांनी लॅपटॉपचं झाकण उघडून बटण दाबलं. नव्या मशीननं आधी नाव विचारलं. काकांनी ड्रायव्हरला पोरीचं नाव विचारून एका बोटानं टाकलं. मग मशीननं सांगितलं, नवा पासवर्ड ठरवा.

काका मागं वळले.

"तिकडं तोंड करा."

ड्रायव्हर बावचळला, पण आम्ही सगळे वळलेले बघून तोही वळला. टक, टक, टक. येळकोट! काकांनी झाकण लावलं, लॅपटॉपला कुंकू लावलं आणि ड्रायव्हरच्या हातात दिला. पिशवी खांद्याला अडकवली, चपला घातल्या आणि स्टँडकडं निघाले.

"काका," ड्रायव्हरनं मागून हाक मारली, "पासवर्ड काय ठेवलाय?"

काका थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"कुणालाबी सांगायचा न्हाय," काका म्हणाले.

एसटी वेळेवर आली. लॅपटॉप हैदराबादला गेला, आणि पासवर्ड अणदूरला.